एकाच पातेल्यांतील पातळ भाजी

वऱ्हाडचा स्वयंपाक तिखट, ही ख्याति अमरावती-अकोल्याच्या पलीकडेही पोंचली आहे. परंतु ज्या घरांत लहान मुलें व वृद्ध माणसें असतात, तेथें गृहिणीपुढें रोजचाच प्रश्न उभा राहतो: भाज्या दोन कराव्या, कीं मुलांची बोळवण नुसत्या वरण-भातावर करावी? परसांतील आंबट चुका हा प्रश्न सोडवितो.

मूठभर तुरीची डाळ व थोडे शेंगदाणे आधीं मऊ शिजवून घ्यावे. आंबटांत डाळ लवकर शिजत नाहीं. मग चिरलेला चुका घालून, पाण्यांत कालवलेलें डाळीचें पीठ लावावें आणि मीठ, हळद व गुळाचा खडा टाकून भाजी चांगली उकळावी. चुक्यांत ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळें पितळेचें पातेलें कल्हईचेंच हवें.

मुलांच्या वाट्या प्रथम भराव्या. नंतर पळींत तेल तापवून मोहरी व लसूण तडतडवावा, पळी विस्तवावरून उतरवून तींत लाल तिखट टाकावें, आणि ही फोडणी मोठ्यांच्या वाटींत वरून घालावी. मिरचीचें तिखट द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, तेलांत मात्र सहज उतरतें. म्हणून चमचाभर तेलानेंही वऱ्हाडी जिभेचें समाधान होतें. पातेलें एक, आणि पंगतही एकच.