प्रार्थनागृह, नाचघर आणि लसीची प्रयोगशाळा!

परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या गर्दीतून वाट काढत आचार्य दोंदे मार्गावर आलं, की हाफकिन इन्स्टिट्यूटचं आवार लागतं. लस किंवा सर्पदंशावरचं औषध म्हटलं की मराठी माणसाला हे नाव आठवतंच. पण संस्थेची जुनी मुख्य इमारत प्रयोगशाळा म्हणून बांधलेलीच नव्हती. तिच्या पोटात दडलंय एक पोर्तुगीज काळातलं चॅपेल!

17व्या शतकात इथे जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनागृह होतं. पुढे इंग्रजांशी त्यांचं बिनसलं आणि 18व्या शतकाच्या सुरुवातीला ही मिळकत त्यांच्या हातून गेली. मधल्या काळात ती एका पारशी गृहस्थाकडे होती आणि त्याच्याकडून सरकारने विकत घेतली, असं 1825मध्ये इथे आलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवलंय. विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर (1771-84) इथे राहू लागला आणि मठाचं गव्हर्न्मेंट हाऊस झालं.

गंमत अशी, की चॅपेल जमीनदोस्त करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. त्याच कवचात खाली मेजवानीचं दालन आणि वर नाचासाठी बॉलरूम तयार झाली. हेबरच्या अंदाजाने एकावर एक असलेली ही दोन्ही दालनं 75 ते 80 फूट लांब होती आणि खालचं दालन म्हणजे जुनं प्रार्थनागृह. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात पंगत उठते, ती प्रसादाची. इथे मात्र साहेबलोकांचे मद्याचे प्याले खणखणू लागले! एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत (1819-27) वाड्याचा विस्तारही झाला.

1882मध्ये मात्र घात झाला. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. परळच्या हवेचा धसका घेऊन गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. वाडा ओस पडला.

आणि मग तिथे आला कोण? कॉलऱ्याची लस 1892मध्ये स्वतःलाच टोचून घेणारा वाल्डेमार हाफकिन! 1896च्या प्लेगने मुंबईची दैना उडवली होती. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने प्लेगची लसही आधी स्वतःच्या अंगावर तपासली. ती मोठ्या प्रमाणावर बनवायची तर ऐसपैस जागा हवी. ऑगस्ट 1899मध्ये त्याची प्रयोगशाळा या वाड्यात आली. मांसाच्या रसाने भरलेल्या चंबूंत चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. झुंबरांच्या दालनांना असे शेजारी मिळाले!

1902मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका आला तो परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर. पुढे कुपी गावातच उघडताना दूषित झाल्याचं मान्य होऊन 1907मध्ये तो निर्दोष ठरला. 1925मध्ये संस्थेला त्याचं नाव मिळालं.

1975मध्ये लसी-औषधांच्या उत्पादनासाठी हाफकिन बायो-फार्मास्युटिकल कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी वेगळी झाली. पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरची लस बनवून विकणं हा तिचा व्यवसाय. संशोधन राहिलं इन्स्टिट्यूटकडे आणि चॅपेलच्या भिंतीही तिच्याकडेच.