उच्च रक्तदाब आणि आहारातील मीठ

उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून वाढत जातो. मिठातील सोडियममुळे शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते व धमन्यांवरील ताणही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘डॅश-सोडियम’ अभ्यासात फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ यांनी युक्त आहाराला मीठकपातीची जोड दिल्यावर रक्तदाब सर्वाधिक घटल्याचे आढळले. आपल्याकडे भाजी-आमटीतील मिठाकडे लक्ष जाते. लोणचे, पापड, फरसाण व पाव यांतील मीठ मात्र हिशेबात येत नाही. म्हणून केवळ वरून मीठ न घेणे पुरेसे नाही. पर्याय म्हणून मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडविकारात घातक ठरू शकते. आहारनियमन औषधांना पूरक होय. वैद्यकीय सल्ल्याविना औषधे बंद करू नयेत.