उरल्यासुरल्या भाजीच्या थाई नूडल्स

संध्याकाळी कामावरून दमून घरी यावे, तर टोपलीत अर्धा कोबी, एखादे सुरकुतलेले गाजर आणि वाटीभर मोडाचे मूग. उसळ करायला मूग पुरत नाहीत, भाजीला कोबी पुरत नाही. त्यात मुले म्हणतात, "आई, आज भाकरी-भाजी नको, नूडल्स कर!" महिनाअखेरीला बाहेरून प्लेटी आणणे परवडत नाही. अशा वेळी थायलंडच्या हातगाडीवरचा पदार्थ आपल्या मदतीला येतो.

थायलंडमध्ये त्याला 'फाट थाई' म्हणतात. 'फाट' म्हणजे कढईत परतलेले. 1939 मध्ये सयामचे नाव बदलून थायलंड झाले, त्या सुमारास पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारने लोकांना नूडल्स खाण्याचे, त्या विकण्याचे आवाहन केले. तेव्हापासून हा पदार्थ गल्लोगल्ली पोहोचला. कष्टकऱ्यांचे झटपट पोट भरणारे हे अन्न आहे.

थायलंड बौद्ध देश असला, तरी तेथील सर्वच लोक शाकाहारी नाहीत. मूळ फाट थाईमध्ये अंडे, सुकी कोळंबी आणि मासळीपासून केलेले खारट पाणी घालतात. मात्र तेथे चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस शाकाहाराचा उत्सव असतो. तेव्हा दुकानांवर पिवळी निशाणे लागतात. मासळीच्या पाण्याऐवजी सोया सॉस वापरला, की आपलेही काम होते.

या पदार्थाची खरी चव आंबट, गोड, खारट आणि तिखट यांच्या मेळात आहे. ती चिंच, गूळ, मिरची आणि शेंगदाणे यांतून येते. म्हणजे बहुतेक सामान आपल्या डब्यांतच आहे! मिरची आणि भुईमूग मूळचे अमेरिका खंडातले. तेथून ते थायलंडलाही पोहोचले आणि आपल्याकडेही.

साहित्य (चार जणांसाठी) : उकडलेल्या नूडल्स किंवा तांदळाच्या शेवया 3 वाट्या, उभा चिरलेला कोबी 2 वाट्या, गाजर 1, मोडाचे मूग 1 वाटी, लसूण 6 पाकळ्या, चिंचेचा घट्ट कोळ 3 मोठे चमचे, चिरलेला गूळ 2 मोठे चमचे, सोया सॉस दीड मोठा चमचा, लाल तिखट 1 लहान चमचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट पाव वाटी, तेल 2 मोठे चमचे, कांद्याची पात, कोथिंबीर, लिंबू.

कृती : चिंचेच्या कोळात गूळ विरघळवून सोया सॉस व तिखट मिसळावे. हा रस आधीच चाखून पाहावा. आंबट-गोड बेताचे करून घ्यावे. कढई चांगली तापवून तेलात लसूण परतावा. मग मूग व गाजर घालून पाण्याचा हबका मारावा, झाकण ठेवून चार-पाच मिनिटे शिजू द्यावे. कोबी घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतावे. तो करकरीत राहिला पाहिजे. नूडल्स गोळा झाल्या असतील तर हात ओला करून मोकळ्या कराव्यात व कढईत टाकाव्यात. वरून रस ओतून, वाफ येईपर्यंत सगळे परतावे. मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण सोया सॉस खारट असतो. कूट, पात व कोथिंबीर पेरून, लिंबू पिळून गरमागरम वाढावे. पंधरा-वीस मिनिटांत ताटे तयार!

हळद-मसाल्याची रस्साभाजी यात घालू नये; चिंच-गुळाची चव बिघडते. उरलेली कच्ची चिरलेली भाजीच बरी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शिजवलेल्या नूडल्स किंवा भात दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये. त्यात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात, की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या नूडल्स दुसऱ्या दिवशी संपवाव्यात. घरी फ्रिज नसेल, तर नूडल्स ताज्या उकडाव्यात आणि उरलेली फक्त भाजी वापरावी. चार पैसे वाचवताना लेकरांचे पोट बिघडायला नको. म्हणून ताटात लागतील तेवढ्याच कराव्यात. एकदा परतलेल्या नूडल्स पुन्हा उरवू नयेत.