पोलादापुढे हिरा का हरतो?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा उल्हासनगरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर पोलादी जॉब फिरतो, तेव्हा त्याला भिडतो बोटाच्या पेराएवढा एक इन्सर्ट. टंगस्टन कार्बाइडचा. हिरा याहून कितीतरी कठीण. तरी पोलाद तासायला हिरा कुणी लावत नाही, आणि त्याचं कारण किंमत नव्हे.

वेगानं तासताना टोकाशी तापमान ७००-८०० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. तापलेलं लोखंड कार्बन ओढून घेतं. याच ओढीतून पोलादात सिमेंटाइट तयार होतं, लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक, आणि पोलाद कडक होतं. हिरा म्हणजे तर निव्वळ कार्बन. तो लोखंडात विरघळत जातो आणि धार बघता बघता बोथट होते.

यावर तोड म्हणजे आधीच दुसऱ्या धातूशी घट्ट बांधला गेलेला कार्बन. टंगस्टनची भुकटी आणि काजळी हायड्रोजनच्या भट्टीत १४०० ते १६०० अंशांपर्यंत तापवतात. टंगस्टन वितळत नाही, त्याला ३४०० अंशांहून अधिक लागतात. घन धातूतच कार्बनचे अणू सरकत आत शिरतात आणि टंगस्टनच्या अणूंमधल्या फटींत बसतात. वजनात कार्बन हवा ६.१ टक्क्यांच्या आसपास. थोडा कमी पडला तर इन्सर्ट ठिसूळ होतो, जास्त झाला तर आत ग्राफाइट उरतं. मला या साऱ्या रसायनात हा काटेकोरपणाच सर्वांत थक्क करतो. मग कोबाल्ट मिसळून, साच्यात दाबून, पुन्हा सुमारे १४०० अंशांवर भाजलं की वितळलेला कोबाल्ट कणांना सांधतो. ही युक्ती जर्मनीत ऑस्रामच्या कार्ल श्र्योटर यांची, पेटंट १९२३ चं. दिव्याच्या तारा ओढायला हिऱ्याच्या महागड्या डाय लागत, त्यांना पर्याय हवा होता. क्रुप कंपनीनं ते ‘विडिया’ नावानं विकलं. आपल्याकडचे जुने टर्नर अजूनही विडियाचं टूल मागतात.

तरीही लोखंडाची ओढ पुरती थांबत नाही. गरम कीस घासत जातो तिथे टंगस्टन कार्बाइडही हळूहळू विरघळतं आणि इन्सर्टवर खळगा पडतो. म्हणून टायटॅनियम कार्बाइड मिसळतात, वर काही मायक्रॉनचा टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवतात. इन्सर्टचा सोनेरी रंग त्याचाच.

झिजलेले इन्सर्ट साध्या भंगारात टाकू नयेत. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचे साठे आहेत, पण खनिजात धातूचं प्रमाण कमी. जुन्या इन्सर्टमध्ये मात्र बहुतांश वजन टंगस्टनचंच. सुमारे ९०० अंशांवर वितळलेल्या जस्तात ते ठेवले की जस्त कोबाल्टमध्ये शिरून तो फुगवतं. मग जस्त उडवून लावलं की उरलेला ठिसूळ गोळा दळून कार्बाइडची भुकटी पुन्हा वापरता येते.