स्लीपर खेळाडू आणि सॅम्पलबाहेर राहिलेली माणसं

एप्रिल महिना जवळ आला की अमेरिकन फुटबॉलवर लिहिणाऱ्या मंडळींकडून एक यादी हमखास येते: 'शेवटच्या फेऱ्यांमधले माझे आवडते स्लीपर'. स्लीपर म्हणजे ज्याच्याकडे आज फारसं कुणाचं लक्ष नाही, पण उद्या नाव काढेल असं लिहिणाऱ्याला वाटतं असा खेळाडू. राखेखालचा निखारा म्हणा ना.

आज ही यादी आपण रिसर्चच्या नजरेनं वाचणार आहोत. खेळ माहीत नसेल तरी काही बिघडत नाही. या यादीत जे घोटाळे दडलेले असतात, तेच आपल्या सिनॉप्सिसमध्येही दडलेले असतात. आरआरसीसमोर उभं राहायच्या आधी ते आपले आपल्याला दिसलेले बरे.

आधी ड्राफ्ट समजून घेऊ

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्यात 32 टीम आहेत. कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू त्यांच्यात वाटले जातात ते ड्राफ्टमधून. आपल्या आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. टीम पाळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात आणि मागच्या हंगामात जी सगळ्यात वाईट खेळली, तिची पाळी पहिली. अशा 7 फेऱ्या होतात आणि साधारण 260 खेळाडू निवडले जातात. पाळी दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात दुसरं काही घेताही येतं.

पहिल्या फेरीतल्या पोरांचं जगभर कौतुक होतं. पाचव्या, सहाव्या, सातव्या फेरीतल्यांना टीममध्ये जागा टिकेल याचीही खात्री नसते. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक टीमला आपली यादी 53 खेळाडूंवर आणावी लागते आणि कात्री बहुतेक वेळा यांच्यावरच चालते.

आता ती प्रसिद्ध नावं

टॉम ब्रेडी, 2000 सालचा ड्राफ्ट, सहावी फेरी, क्रमांक 199. पुढे त्यानं 7 सुपर बोल जिंकले. टेरेल डेव्हिस, 1995, सहावी फेरी, क्रमांक 196. आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. रिचर्ड शर्मन, 2011, पाचवी फेरी. पुका नाकुआ, 2023, पाचवी फेरी. पहिल्याच हंगामात त्यानं 105 झेल घेऊन नवोदितांचा विक्रम मोडला. आणि ब्रॉक पर्डी, 2022, क्रमांक 262, म्हणजे त्या वर्षीचा अगदी शेवटचा. शेवटच्या खेळाडूला तिकडे गमतीनं 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे ज्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही असा. हाच पर्डी फेब्रुवारी 2024 मध्ये सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून अख्खं आक्रमण चालवणारा खेळाडू.

ही नावं वाचली की वाटतं, खरं सोनं तळाशीच असतं आणि पारखी नजर असेल तर ते सापडतं. इथेच थांबा आणि पहिला प्रश्न विचारा.

प्रश्न पहिला: छेद कुठे आहे?

शाळेतला अपूर्णांक आठवा. वरचा आकडा अंश, खालचा छेद. आपण पाच नावं घेतली, हा झाला अंश. शेवटच्या तीन फेऱ्यांत दर वर्षी शंभराहून जास्त खेळाडू निवडले जातात. 25 वर्षांचे झाले अडीच हजारांच्या वर. आपली पाच नावं यांच्यातून उचललेली आहेत. अगदी पन्नास नावं काढली तरी उरलेल्या जवळजवळ अडीच हजारांचं काय झालं, हे यादी सांगत नाही.

याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: टिकले त्यांच्याकडे बघून सगळ्यांबद्दल बोलणं. यशस्वी बचत गटांच्या मुलाखती घेऊन 'बचत गट का यशस्वी होतात' हे ठरवणं याच जातीचं. बंद पडलेल्या गटांतही तेच गुण होते का, हे बघितल्याशिवाय त्या गुणांमुळे यश आलं असं म्हणता येत नाही.

ब्रेडीच्या गोष्टीत आणखी एक गंमत आहे. त्याला निवडलं म्हणून न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या पारखी नजरेचं खूप कौतुक होतं. पण त्या ड्राफ्टमध्ये ब्रेडी हा त्यांनी निवडलेला सातवा खेळाडू होता. आधीच्या सहा पाळ्यांना त्यांनीही त्याला सोडून दुसऱ्यालाच घेतलं. पुढे काय होणार हे खरंच कळलं असतं, तर 199 पर्यंत कोण थांबलं असतं? निकाल हाती आला की आपण मागे जाऊन निर्णयाला शहाणपण चिकटवतो.

प्रश्न दुसरा: संधी कुणाला मिळाली?

हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात.

ब्रेडीला मैदान कसं मिळालं? सप्टेंबर 2001 मध्ये ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून. ब्लेडसो हा 1993 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. पर्डीला कसं मिळालं? 2022 च्या हंगामात आधी ट्रे लान्स जखमी झाला, मग डिसेंबरमध्ये जिमी गॅरोपोलो. लान्स हा 2021 चा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. म्हणजे दोन्ही वेळा दुसऱ्याच्या दुखापतीनं दार उघडलं. ते उघडलं नसतं तर हे दोघे चांगले आहेत हे आपल्याला कळलंच नसतं. आणि ज्यांच्यासाठी दार कधी उघडलंच नाही, ते आपल्या डेटामध्ये 'अपयशी' म्हणून बसलेत. खरं तर ते मोजलेच गेलेले नाहीत.

संधी समान नसते याचा पुरावा बास्केटबॉलमध्ये आहे. 1995 साली बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी एनबीएवर एक पेपर लिहिला. खेळाडूची कामगिरी हिशेबात धरूनही, वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना खेळायला जास्त मिनिटं मिळतात आणि ते लीगमध्ये जास्त वर्षं टिकतात, असं त्यांना दिसलं. एकदा किंमत मोजली की ती वसूल करायचा मोह सुटत नाही.

याच चष्म्यातून आता एक पेपर वाचू. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी 2011 साली क्वार्टरबॅकवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की वर निवडलेले क्वार्टरबॅक जास्त खेळतात, पण प्रत्येक चालीमागची कामगिरी बघितली तर ड्राफ्टच्या क्रमांकाशी तिचा फारसा संबंध लागत नाही. मग काय, निवडणाऱ्यांना काही कळत नाही असं म्हणायचं? घाई नको. सातव्या फेरीतला क्वार्टरबॅक मैदानात उतरतो तोच मुळी सरावात प्रशिक्षकांना चांगला दिसला तर. न दिसलेले बाकावरच राहतात आणि सरासरीत येतच नाहीत. पहिल्या फेरीतला मात्र चांगला असो वा वाईट, खेळवला जातो. तेव्हा आपण तुलना करतोय ती एका बाजूला निवडक खेळाडूंची आणि दुसऱ्या बाजूला सरसकट सगळ्यांची. आकडे बरोबर असूनही निष्कर्ष लंगडा पडू शकतो, तो असा.

प्रश्न तिसरा: गाळणी कुठे लागली?

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला 'कम्बाइन' होतं. तिथे खेळाडूंचं धावणं, उड्या, ताकद सगळं मोजतात. 2008 साली फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर ॲडम्स यांनी या चाचण्या आणि पुढची कामगिरी ताडून पाहिली. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूंचा वेग सोडला, तर ठाम असा संबंध फारसा सापडला नाही.

म्हणजे वेगाला किंमत नाही? तसं नाही. कम्बाइनला पोचलेला प्रत्येक जण आधीच अनेक चाळण्यांतून आलेला असतो. हळू पळणारा तिथपर्यंत पोचलाय, तर त्याच्याकडे दुसरं काहीतरी जबरदस्त असणार. ब्रेडी 40 यार्ड 5.28 सेकंदांत पळाला होता, एनएफएलच्या मानानं फारच हळू. चाळणीनंतर उरलेल्यांत वेग आणि यश यांचा संबंध पुसट दिसतो, कारण फरक दाखवणारी माणसं आधीच गळलेली असतात. प्रवेश परीक्षेचे मार्क आणि पीएचडीतली प्रगती यांचा संबंध शोधताना तुम्हालाही हेच भेटेल: तुमच्याकडे डेटा फक्त प्रवेश मिळालेल्यांचाच असतो.

मग काहीच कळत नाही का?

कळतं, पण वाटतं त्यापेक्षा कमी. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा 2013 सालचा पेपर नक्की वाचा. या थेलरना पुढे 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी साधा प्रश्न विचारला: एखादा खेळाडू त्याच जागेवरच्या लगेच पुढे निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? उत्तर आलं सुमारे 52 टक्के. नाणेफेकीहून जेमतेम जास्त.

याचा अर्थ क्रमवारी निरर्थक आहे असा नाही. सरासरीनं पहिली फेरी सातवीपेक्षा चांगलीच असते. पण कामगिरी हळूहळू उतरते आणि टीम मोजतात ती किंमत मात्र धडाधड कोसळते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजनं पाळ्यांच्या अदलाबदलीसाठी एक तक्ता बनवला होता. त्यात पहिल्या पाळीला 3000 गुण आणि सोळाव्या पाळीला 1000. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसंच हे: पाळी वापरली जाईपर्यंत तिची किंमत वाढलेलीच राहते.

एक सावधगिरी बाळगा. हा अभ्यास ज्या काळच्या डेटावर आहे, तेव्हा वरच्या खेळाडूंचे पगार अफाट होते. 2011 च्या करारानं नवोदितांचे पगार बांधून टाकले, तेव्हा त्यातला पैशांचा हिशेब आज जसाच्या तसा लागू होत नाही. कुठलाही पेपर वाचताना 'हे कोणत्या नियमांच्या काळातलं आहे' हे समासात लिहायची सवय लावा.

आता तुमची यादी

समजा तुम्हालाच स्लीपरवर काम करायचंय. काय कराल?

पहिलं, व्याख्या आधी करा. 'तळाला निवडला गेला आणि यशस्वी झाला तो स्लीपर' अशी व्याख्या केलीत तर निकाल व्याख्येतच भरला. दुसरं, नावं ड्राफ्टच्या आधी, तारीख घालून लिहा आणि एकही खोडू नका. तिसरं, यश म्हणजे काय ते आत्ताच ठरवा: तीन वर्षं टीममध्ये टिकणं की नियमित खेळणं? चौथं, तुमच्या दहा नावांशेजारी त्याच फेऱ्यांतली चिठ्ठ्या टाकून काढलेली दहा नावं ठेवा. तुमची नजर खरंच पारखी असेल, तर ती या चिठ्ठ्यांना हरवून दाखवेल. पाचवं, प्रत्येकाला किती संधी मिळाली याचा वेगळा रकाना ठेवा. ज्याला मैदान मिळालंच नाही त्याच्यापुढे 'अपयशी' लिहू नका. 'मोजलं गेलं नाही' असं लिहा.

हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि गाईडना तो अनावश्यकही वाटू शकतो. तरी ठेवा. सातव्या फेरीत निवडला जाऊन ऑगस्टमध्येच घरी पाठवलेल्या पोराला खरंच खेळता येत नव्हतं, की त्याच्या पुढचा कुणी जखमी झाला नाही एवढंच, हे आपल्याला त्या रकान्याशिवाय सांगता येणार नाही. तुमच्या विषयात हा पोरगा कोण आहे, हे सिनॉप्सिसचं सॅम्पलिंगचं पान लिहायच्या आधी शोधून काढा.