प्रोफेसर एक्स : एका 'सरां'ची जडणघडण

होस्टेलवर एक्स-मेनचा विषय निघाला की गाडी हमखास वुल्व्हरिनच्या नखांवर जाऊन थांबते. व्हीलचेअरमधल्या टकल्या सरांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खरं तर शाळा त्यांची, बंगला त्यांचा, टीमसुद्धा त्यांनीच उभी केलेली! म्हणून मंडळी, आज वुल्व्हरिनला सुट्टी. आजचा विषय फक्त प्रोफेसर चार्ल्स झेवियर.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी 'एक्स-मेन'चा पहिला अंक काढला तो १९६३ साली. प्रत्येक नव्या हिरोला शक्ती कशी मिळाली याची वेगळी गोष्ट रचायचा लीला कंटाळा आला होता. मग त्याने शॉर्टकट शोधला : ही मुलं जन्मतःच वेगळी, म्हणजे म्युटंट. (आळस ही शोधाची जननी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) पण पाच टीनएजर मुलं एका घरात ठेवायची म्हणजे कुणीतरी मोठं माणूस हवंच. म्हणून न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमध्ये शाळा आली आणि शाळेला सर आले. सर दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारे. पहिल्याच पानावर ते मुलांना मनातल्या मनात हाक मारून वर्गात बोलावतात. प्रॉक्सी लावायची सोयच नाही!

आज सगळीकडे वाचायला मिळतं की झेवियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स. ऐकायला छान वाटतं, पण सुरुवातीचे अंक वाचले तर मला ते पटत नाही. त्यातला मॅग्नेटो मिसाईल तळावर कब्जा करणारा साधा व्हिलन आहे, आणि सर चक्क एफबीआयशी संधान बांधून काम करतात. विचारांची ती लढाई नंतर आली, आणि तिचं श्रेय मुख्यतः क्रिस क्लेअरमाँटचं. १९७५ पासून पुढची सोळा वर्षं तो ही मालिका लिहीत होता. १९८१ मध्ये त्याने मॅग्नेटोला ऑश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेला माणूस केलं. १९८२ मध्ये त्याने दाखवलं की हे दोघे एकेकाळी इस्राएलमध्ये जिवलग मित्र होते. झालं, शत्रूचं वजन वाढलं तसं सरांचंही वाढलं. आता 'माणसांशी जुळवून घ्या' हे सरांचं वाक्य ऐकताना समोर असा मित्र उभा असतो, ज्याला माणसांनी काय काय केलंय ते ठाऊक आहे.

पण सरांची दुसरी बाजूही आहे, आणि मला तीच जास्त इंटरेस्टिंग वाटते. ते लपवतात! १९६८ मध्ये सर मेले. मुलं रडली. १९७० मध्ये कळलं की मेलेला त्यांचं रूप घेतलेला दुसराच कुणीतरी होता. सर तळघरात लपून परग्रहावरच्या हल्ल्याची तयारी करत होते, आणि हे फक्त जीन ग्रेला माहीत होतं. तेव्हा लेखकांना बहुधा फक्त त्यांना परत आणायचं होतं. पण स्वभाव पडला तो पडलाच.

कॉमिक्समध्ये याला रेट्कॉन म्हणतात. जुना अंक तसाच ठेवायचा आणि त्याच्या पोटात नवी गोष्ट घुसवायची. सर्वात भारी उदाहरण 'डेडली जेनेसिस' (२००५-०६), लेखक एड ब्रुबेकर. मूळ १९७५ च्या गोष्टीत क्राकोआ नावाचं जिवंत बेट एक्स-मेनना पकडतं, एकटा सायक्लॉप्स निसटतो, आणि सर त्यांना सोडवायला वुल्व्हरिन, स्टॉर्म वगैरेंची नवी टीम जमवतात. ब्रुबेकर म्हणतो, थांबा, मध्ये अजून एक टीम गेली होती. कच्च्या तयारीची मुलं. ती परत आली नाहीत. त्यात सायक्लॉप्सचा सख्खा भाऊ होता, आणि सरांनी ती आठवणच त्याच्या डोक्यातून पुसून टाकली.

इथे काही फॅन्स वैतागतात, की चांगल्या माणसाची वाट लावली. मला तसं वाटत नाही. मुलांच्या डोक्यात शिरू शकणारा मास्तर आयुष्यभरात एकदाही मोहात पडला नाही, हेच जास्त अशक्य होतं. दुःख होऊ नये म्हणून आठवण पुसली, असं सर म्हणू शकतात. पण त्यात सायक्लॉप्सला कुणी विचारलं? शिकवणं आणि परस्पर ठरवून टाकणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात शाळा असावी का?

पुढे २०१२ मध्ये फीनिक्सची शक्ती अंगात असताना सायक्लॉप्सनेच सरांना मारलं. अर्थात कॉमिक्समध्ये मरण म्हणजे एटीकेटी, सर परत आलेच!

सिनेमात २००० पासून पॅट्रिक स्ट्युअर्टने हे सर केले, आणि २०११ मध्ये जेम्स मॅकअव्हॉयने तरुणपणचे. पण बघायचा असेल तर 'लोगन' (२०१७) बघा. त्यात जगातला सर्वात ताकदवान मेंदू आजारी आहे. झटका आला की आसपासच्यांच्या जिवावर बेततं, आणि पूर्वी अशाच एका झटक्यात त्यांच्या हातून काय घडलं ते सर विसरलेत. लोगनला सगळं माहीत आहे, पण तो सांगत नाही. वेळेवर गोळ्या देतो, शिव्या देतो, आणि रात्री म्हाताऱ्याला दोन्ही हातांवर उचलून पलंगावर नेऊन ठेवतो.