हुरडा थांबत नाही!

‘कामं उरकली की जाऊ’ म्हणता म्हणता ज्वारीचा दाणा कडक होतो. कणीस हुरड्यावर असतं ते मोजकेच दिवस आणि जालन्यात नेमकी तेव्हाच कापूस वेचणीची धांदल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत आणि मन चांगलं असल्याचं सांगणारे अधिक होते. हा वेळ सलग मिळाला की तुकड्यांत, यानं फरक पडला नाही. म्हणजे रोज जमलं नाही, तरी सुटीची एक सकाळ वाया जात नाही. फोन बाजूला ठेवून आगटीभोवती बसा, गरम हुरडा खा. शेत नसेल तर मोती तलावावर फेरी मारा. दिवस मात्र आजच ठरवा.